घंटा झाल्यावर

(सहाय्यक मित्रांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



‘धार्मिक असणे आणि आध्यात्मिक असणे’ यावर बोलायला मला सांगितले आहे. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेली नाही. सातपुड्यात, अक्राणी तालुक्यात, मुलींच्या वसतिगृहात सोळा वर्षे काम करते आहे. तिथे जे शिकले तेच सांगते. त्यात माझी फारशी शोभा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझे वडील आमच्या मंडळीत घंटा वाजवायचे. त्यामुळे उपासनेला उशीर म्हणजे आमच्या घरी गुन्हाच. रविवार चुकवायचा नाही, दशमांश पगाराच्या दिवशीच वेगळ्या पाकिटात काढायचा, उपासना-संगीतातली गीते पाठ असायची. हे सगळे मी वसतिगृहात घेऊन गेले. संध्याकाळी सातला घंटा, मग प्रार्थना, आधी हजेरी. जी आली नाही तिच्या नावापुढे लाल फुली. खरे सांगते, त्या वहीचा मला अभिमान होता. पाहुणे आले की मी ती दाखवत असे.

एका डिसेंबरातली गोष्ट. सातवीतली एक पावरा मुलगी घंटा झाल्यावरही पांघरूण घेऊन पडून होती. “बाई, पाय दुखतात,” म्हणाली. त्या आठवड्यातली तिसरी वेळ. मला वाटले, टाळाटाळ. मी म्हटले, “प्रार्थनेला आलीस की दुखणे जाईल.” आणि तिला हाताला धरून आणून फरशीवर बसवले. अर्धा तास ती बसली. रडली नाही, ओठ दाबून बसली. त्या दिवशी मी आजारी लोकांसाठी लांबलचक प्रार्थना केली, अगदी परदेशातल्या आजाऱ्यांसाठीसुद्धा. ती माझ्यापासून चार हातांवर होती.

पहाटे पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात उजेड. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी चुलीपाशी बसलेल्या. त्या भिल्ल समाजातल्या, बाप्तिस्मा झालेला नाही. नवाई केल्याशिवाय नवे धान्य तोंडात घालत नाहीत. चुलीजवळ गोधडी टाकून तीवर त्या मुलीला निजवले होते. गरम केलेले फडके गुडघ्यांवर ठेवायचे, निवले की बदलायचे, मध्येच पेल्याने पाणी पाजायचे, असे रात्रभर चालले होते. मला पाहून म्हणाल्या, “बाई, पोरीची हाडं दुखतात. माझ्या पोराला असंच व्हायचं.”

‘व्हायचं’ म्हणाल्या. पुढे विचारायचे मला धाडस झाले नाही.

सकाळी सरकारी दवाखान्यात नेले. सिकलसेल निघाला. आपल्यापैकी काहींना माहीत असेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि आपल्या आदिवासी भागात बराच आढळतो. आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष आला की मूल आजारी होते. एकाकडूनच आला तर ते फक्त वाहक राहते. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत भयंकर वेदना उठतात. बाहेरून काही दिसत नाही. सूज नसेल, तापही नसेल, त्यामुळे मूल सोंग करते आहे असे सहज वाटते. थंडी, पाणी कमी पिणे, दमणूक यांनी ही कळ सुरू होते किंवा वाढते. डॉक्टर ऊब द्या, पाणी द्या असे समजावून सांगत होते, आणि मी मनात फरशीचा गारवा मोजत होते. मावशींनी न सांगता जे केले होते तेच ते सांगत होते.

यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवरचा दाखला मी संडे स्कूलमध्ये किती वेळा शिकवला असेल! दर वेळी मी स्वतःला शोमरोनी समजत आले. त्या दिवशी जीपमधून परत येताना प्रथमच कळले की याजक कसा चालतो, कारण त्याची चाल माझ्या ओळखीची होती.

तुम्ही म्हणाल, एका चुकीवरून इतके कशाला? म्हणून पंडिता रमाबाईंची आठवण करून देते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही विदुषी कन्या, तिने काही न समजता पाऊल टाकले असेल असे कोण म्हणेल? तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी प्रांजळपणे लिहिले की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचे पुस्तक त्यांच्या हाती आले. हा मनुष्य आधीच दीक्षित पाळक होता आणि स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःचेच प्रवचन करताना त्याचे मन पालटले. ते वाचून रमाबाईंना आपली उणीव दिसली. मला यातले सर्वांत मोठे धैर्य वाटते ते हे की इतक्या नावाजलेल्या बाईने ही गोष्ट कबूल केली. आपण हजेरीची वही दाखवतो. त्यांनी रिकामी जागा दाखवली.

मग १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व विधवा शेकड्यांनी घेऊन आल्या. स्वतःचे आईवडील आणि बहीण त्यांनी दुष्काळाच्या काळातच गमावले होते. भूक कशी दिसते हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही.

हल्ली शहरातली आपली मुले म्हणतात, “मी धार्मिक नाही, आध्यात्मिक आहे.” म्हणजे रविवारी उशिरा उठतो, असाही अर्थ कधीकधी असतो! थट्टा सोडा. पण रमाबाईंनी नियम टाकले नाहीत. केडगावच्या मुक्तिसदनात उपासना होती, शिस्त होती, आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेल्या बायबलाचे खिळे जुळवायला त्यांनी तिथल्या बायकांना शिकवले. मावशींनाही त्यांचे नियम आहेत आणि त्या माझ्यापेक्षा कडक पाळतात. तेव्हा घंटा काढून टाकली की आत्मा येईल, असे मला वाटत नाही. मला इतकेच कळले की मी त्या संध्याकाळी देवाशी बोलत होते आणि त्याच वेळी तो माझ्याशी बोलत होता, “पाय दुखतात” म्हणून. आणि मी त्याला गप्प बस म्हटले.

वही अजून आहे. घंटा सातलाच होते. पण त्याआधी दोन मोठ्या मुली खोल्यांतून फिरतात आणि कोण निजून आहे, का, ते पाहून येतात. सगळ्या मुलींची सिकलसेलची तपासणी करून घेतली. आणखी तिघी निघाल्या. गेल्या वर्षी आपण पाठवलेल्या देणगीतून जाड सतरंज्या आणि लोकरी पायमोजे घेतले, त्याबद्दल मनापासून आभार. ती मुलगी आता दहावीत आहे. कळ अधूनमधून येते. गीताचा सूर मात्र बहुधा तीच उचलते.

मावशी प्रार्थनेला येत नाहीत. मी एकदा बोलावून पाहिले. म्हणाल्या, “चुलीवर डाळ आहे, बाई. तुम्ही करा.”