गिऱ्हाइकांची बैठक



नागपूर शहरात तुम्ही कधी आला असाल, तर इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी अशी वस्त्यांची नावे तुमच्या कानांवर पडली असतील. ही नावे बाजारावरून आली. ज्या वारी जिथे बाजार भरे, तो वार त्या जागेला चिकटला. पुढे दुकाने पक्की झाली, बाजार रोजचा झाला. नाव मात्र राहिले. तुमच्या गावाशेजारी अजून आठवडी बाजार भरतच असेल. माणूस तिथे मिरची, मीठ, दोरखंड घ्यायला जातो. पण येताना आणखी एक जिन्नस तो फुकट घेऊन येतो. तो जिन्नस म्हणजे बातमी. कोणाचे तुरीचे बी उगवले नाही, कोणाचे माप खोटे, कोणता पंप तीन वर्षे कुरकुर न करता चालला, हे सारे बाजारात कळते. आणि ते दुकानदाराकडून कळत नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून कळते.

गिऱ्हाइकागिऱ्हाइकांतल्या या बोलाचालीविषयी आज चार शब्द सांगायचे आहेत. कारण ही बोलाचाल बाजाराच्या पारावरून उठून आता हातातल्या मोबाइलमध्ये जाऊन बसली आहे. आणि नुसती बसली नाही, तिचा धंदा झाला आहे.

धंदा कसा, ते पाहा. पूर्वी कंपनी माल विकी आणि मोकळी होई. आता ती गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर घेते, त्याला एका ग्रुपमध्ये घालते. बियाण्याचा ग्रुप, ठिबकचा ग्रुप, ट्रॅक्टरवाल्यांचा ग्रुप, दुभत्या जनावरांच्या खाद्याचा ग्रुप. शहरात मोटारसायकलचे, मोबाइलचे, लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीचेसुद्धा ग्रुप आहेत. असे ग्रुप उभारणे, त्यात रोज काहीतरी टाकून ते जागते ठेवणे, प्रश्नांना उत्तरे देणे, भांडणे मिटवणे, यासाठी पगारी माणसे नेमलेली असतात. हे काम करून देणाऱ्या स्वतंत्र कंपन्याही निघाल्या आहेत.

कंपनीला यात काय मिळते? पहिली गोष्ट, एका गिऱ्हाइकाच्या अडचणीवर दुसरे गिऱ्हाईक फुकट तोड सांगते. तितका कंपनीचा माणूसबळाचा खर्च वाचतो. दुसरी, मालात खोट कुठे आहे ते लवकर कळते. तिसरी, ग्रुपमध्ये रमलेले गिऱ्हाईक सहसा दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही. आणि चौथी, शेजाऱ्याने केलेली स्तुती जाहिरातीपेक्षा लवकर पटते.

यात वाईट असे काही नाही. अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसन या मोटारसायकलच्या कंपनीने १९८३ साली आपल्या गिऱ्हाइकांचा संघ काढला. एकत्र भटकंती, मेळावे, हेच त्याचे काम. आणि कंपनीच्या पडत्या काळात या संघाचा तिला मोठा आधार झाला. डेन्मार्कच्या लेगो या खेळण्यांच्या कंपनीने तर याच्या पुढचे पाऊल टाकले. कोणीही नव्या खेळण्याची कल्पना मांडावी. तिला दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला तर कंपनी तिचा विचार करते, आणि खेळणे बाजारात आले तर निव्वळ विक्रीतला एक टक्का कल्पना देणाऱ्याला देते. म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोक्याचे मोल झाले. हा व्यवहार झाला. पण मोल न देता नुसतेच घेण्याची चालही पुष्कळ ठिकाणी आहे, म्हणून आपण सावध राहिले पाहिजे.

आता ही गोष्ट काही आजची नव्हे. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावी १८४४ साली २८ कष्टकऱ्यांनी, त्यांत बरेचसे विणकर, प्रत्येकी एक पौंड भांडवल जमवून एक छोटे दुकान काढले. पीठ, लोणी, साखर, असा चार वस्तूंचा माल. भेसळ नाही, उधारी नाही, माप चोख, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात गिऱ्हाइकालाच परत. जगभरची ग्राहक सहकारी चळवळ त्यातून फोफावली. आपल्याकडे मद्रासला १९०४ साली ट्रिप्लिकेनची ग्राहक सहकारी संस्था निघाली. मुंबईत १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत ‘अपना बाजार’ सुरू झाला.

परंतु आपल्या आजच्या विषयाला सर्वांत जवळची गोष्ट आहे ती मुंबई ग्राहक पंचायतीची. १९७५ सालची ती स्थापना. टंचाई, भाववाढ आणि भेसळ यांनी त्या वेळी सामान्य गृहस्थ टेकीला आला होता. बिंदुमाधव जोशी हे या चळवळीचे अग्रणी. आणि गायक-संगीतकार सुधीर फडके हेही त्या कामात हिरिरीने उतरले होते. पंचायतीने केले काय? दुकानच काढले नाही! शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी एक संघ करायचा. दर महिन्याला जिनसांची यादी येते. प्रत्येक घराने आपली गरज त्यात भरायची. साऱ्या संघांची मागणी एकत्र झाली की पंचायत घाऊक माल घेते, आणि तो एकेका संघाकडे एका सभासदाच्या घरी येऊन पडतो. तिथे सभासद आपापसांत वाटणी करून घेतात. ना गाळ्याचे भाडे, ना नोकरांचा ताफा, ना मधला दलाल. आज हजारो कुटुंबे या पद्धतीने वाणसामान घेतात.

यात मला मोलाची वाटते ती वाटणीची जागा. महिन्यातून एकदा दहापाच घरची माणसे एका ओसरीवर जमतात, तेव्हा साहजिकच बोलणे निघते. या खेपेची डाळ शिजली नाही. त्या साबणाचे वजन कमी भरले. हे बोलणे तिथेच विरत नाही, पंचायतीपर्यंत पोचते. एकटा माणूस दुकानदाराशी बोलला तर ती कटकट ठरते. शंभर घरे एका सुराने बोलली तर तिला वजन येते.

दुसरे उदाहरण आपल्या आकाशवाणीच्याच घरातले आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावे निवडली. प्रत्येक गावी पंधरा-वीस शेतकऱ्यांचे एक मंडळ केले. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम, एकूण वीस. मंडळाने एकत्र बसून ऐकायचे, मग चर्चा करायची, आणि जमेल ते करून पाहायचे. मंडळाला एक कार्यवाह असे. तो टिपण ठेवी, शंका लिहून केंद्राकडे धाडी, आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची तपासणी केली. तुलनेसाठी मंडळ नसलेली काही गावे घेतली होती. त्यांपैकी काही गावांत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. जिथे मंडळ होते, तिथे लोकांच्या माहितीत चांगलीच भर पडली. जिथे नुसता रेडिओ होता, तिथे फरक नाममात्र. यंत्र तेच, कार्यक्रम तोच. पण बैठक नव्हती. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली.

श्रोतेहो, आजच्या मोबाइललाही हाच नियम लागू आहे. ग्रुपमध्ये पाचशे नंबर घातले म्हणजे बैठक झाली असे नव्हे. सकाळी फुलांची चित्रे, दुपारी जाहिरात, रात्री विनोद, एवढेच चालले असेल तर ती जत्रा. बैठकीत प्रश्न विचारला जातो, त्याला उत्तर मिळते, आणि उत्तर चुकले तर ते चुकले असे सांगणारा कोणीतरी असतो.

म्हणून ग्रुपमध्ये शिरताना आधी एक गोष्ट पाहा. बैठक कोणाच्या ओसरीवर आहे? ग्रुपची किल्ली ज्याच्या हाती, त्याला ॲडमिन म्हणतात. कोणाला आत घ्यायचे, कोणाला काढायचे, हे तो ठरवतो. आपल्याशिवाय कोणी लिहू नये अशी कडी त्याला लावता येते. २०२२ पासून व्हॉट्सॲपमध्ये दुसऱ्याने लिहिलेला मजकूर पुसण्याची सोयही त्याला मिळाली आहे.

समजा, मृगाचा पाऊस पडला, सोयाबीन पेरले, आणि आठ दिवसांनी निम्मे उगवलेच नाही. तुम्ही कंपनीच्या ग्रुपवर तसे लिहिले. अर्ध्या तासाने तो मजकूर दिसेनासा झाला. संध्याकाळी तुम्हीच ग्रुपबाहेर. आता त्याच गावात आणखी चाळीस जणांचे बी उगवले नाही, हे तुम्हाला कळणार कसे? प्रत्येकाला वाटते, आपलेच नशीब फुटके, आपलीच पेरणी चुकली. आठवडी बाजारात असे झाले नसते. तिथे कोणाच्या तोंडावर हात ठेवता येत नाही.

आणि हे चाळीस जण एकमेकांना सापडणे का महत्त्वाचे, तेही सांगतो. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा कायद्याने ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले आहे. पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार देता येते. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. आणि एकाच कारणाने नाडलेल्या अनेकांना, आयोगाच्या परवानगीने, एकत्र तक्रार करता येते. एकट्याला जे जड जाते ते चाळीसांना हलके जाते. पण त्यासाठी आधी चाळिसांची गाठ पडायला हवी.

मग उपाय काय? कंपनीचे ग्रुप सोडून द्या असे मी म्हणणार नाही. तिथे माहिती मिळते, ती जरूर घ्या. पण त्याच्या जोडीला गावाची आपली बैठक असू द्या. एका पिकाचे, एका गावाचे वीस-पंचवीस शेतकरी पुरेत. मोठा ग्रुप करण्याचा मोह धरू नका. वीस माणसे एकमेकांना ओळखतात, पाचशे ओळखत नाहीत.

या कामात शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हात द्यावा, अशी माझी विनंती आहे. गुरुजींवर ओझी थोडी नाहीत, हे मी जाणून आहे. पण कार्यवाहाचे काम लिहित्या हाताचे आहे. एक साधी वही ठेवा. तिच्यात कोणी कोणते बी, कोणत्या दुकानातून, कोणत्या तारखेला घेतले, पिशवीवरचा लॉट नंबर कोणता, आणि उगवण किती झाली, एवढेच लिहा. पावती, पिशवी, वरची चिठ्ठी आणि मूठभर बी जपून ठेवायला सांगा. उगवण झाली नाही तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लगेच लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मोबाइलवरचा मजकूर पुसला जातो. वहीतला जात नाही. वरच्या वर्गातल्या मुलांना ही वही लिहायला बसवले तर गणिताचा नि व्यवहाराचा असा दुहेरी धडा होईल.

ॲडमिन व्हायला काही जण बिचकतात. दुसऱ्याने भलतेसलते लिहिले तर आपल्या गळ्यात येईल, ही धास्ती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात याचा निवाडा केला आहे. सभासदाने काही आक्षेपार्ह लिहिले, आणि त्यात ॲडमिनचा संगनमताने हात नसेल, तर केवळ ॲडमिन म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. तेव्हा भ्यायचे कारण नाही. मात्र दोन-तीन नियम पहिल्याच दिवशी सांगावेत: विषय सोडून लिहायचे नाही, ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगायची, दुसऱ्याचा नंबर त्याला विचारल्याशिवाय कोणाला द्यायचा नाही. ॲडमिन दोघे असावेत आणि वर्षाने बदलावेत. पंधरा दिवसांतून एकदा मात्र मोबाइल खिशात ठेवून देवळात, शाळेत, पारावर प्रत्यक्ष बसावे.

स्तुतीचीही पारख हवी. ‘उत्पन्न दुप्पट झाले’ असे कोणी लिहिले, तर गाव कोणते, शेत किती, पाणी किती, हे विचारा. पैसे देऊन लिहून घेतलेली स्तुती बाजारात इतकी बोकाळली की भारतीय मानक ब्यूरोला २०२२ साली ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी एक मानक ठरवावे लागले. आणि खरेदीत फसगत झाली, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

शेवटी एक गोष्ट. याच बैठकीचा उपयोग विकण्यासाठीही होतो. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद होते, तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी शहरातल्या वसाहतींशी मोबाइलवर संधान बांधून भाजी आणि फळे थेट घरोघर पोचवली. आंबिया बहाराची संत्री उतरतील तेव्हा नागपुरातली शंभर घरे आधीच तुमच्या वहीत असतील, तर भाव ठरवताना तुमच्या शब्दालाही मान राहील. पण मग गिऱ्हाइकाचा न्याय तुम्हालाही लागू होईल. संत्रे आंबट निघाले, तर तो मजकूर पुसू नका. त्याला उत्तर द्या, पुढच्या खेपेला दोन संत्री जास्त घाला. मग ते गिऱ्हाईक तुमचे झाले म्हणून समजा.