सातबाऱ्यावर नाव नसलेली वाडी

(मिशनच्या हितचिंतकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवेळी मी वसतिगृहाचा आणि आरोग्य शिबिरांचा अहवाल देते. तो छापील स्वरूपात आपल्या हाती आहे. आज मी एका वाडीबद्दल आणि त्या वाडीमुळे आपल्यापुढे आलेल्या एका निर्णयाबद्दल बोलणार आहे.

रायगड जिल्ह्यातली ही कातकरी वाडी, तीसएक घरांची. आपल्याला माहीतच आहे, दिवाळीनंतर ही माणसं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. यंदा परतली तेव्हा घरांच्या मागे चुन्याच्या रेघा आणि रंगवलेले दगड दिसले. एका आजींनी मला विचारलं, "ताई, हे माप कुणाच्या घराचं घेतलं?"

चौकशी केली तेव्हा कळलं, की टेकडीपासून ओढ्यापर्यंतची जमीन मालकाने एका कंपनीला द्यायचं ठरवलं आहे. तिथे मोठा कॅम्पस होणार आहे. कार्यालयं, प्रशिक्षण केंद्र, कर्मचाऱ्यांची निवासस्थानं. आम्ही नकाशा पाहिला. त्यात ओढा आहे, आंब्याची झाडंसुद्धा आहेत. वाडी नाही.

यात कुणी मुद्दाम खोडलं असेल असं नाही. वाडी कागदावर कधी नव्हतीच. कातकरी पूर्वी खैरापासून कात काढत, त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. जंगल बंद झालं तसा तो धंदा गेला आणि ते जमीनमालकांकडे मजुरीला लागले. मालकाने दाखवलेल्या माळावर झोपड्या बांधल्या. तीन पिढ्या गेल्या, पण सातबारा मालकाच्याच नावावर राहिला. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी ही महाराष्ट्रातली विशेष असुरक्षित आदिवासी जमात म्हणून सरकारदरबारी नोंदलेली आहे. तरी घराखालची जमीन त्यांची नाही.

मग कायदा काय म्हणतो? 1996चा पेसा कायदा ग्रामसभेला मोठा अधिकार देतो, पण तो अनुसूचित क्षेत्रात. रायगड जिल्हा त्यात येत नाही. 2013च्या भूसंपादन कायद्यात खासगी प्रकल्पासाठी 80 टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट आहे. पण ती सरकार जमीन संपादन करून देतं तेव्हा. इथे मालक थेट विकतो आहे. पर्यावरणाची जनसुनावणी म्हणावी, तर 2006च्या अधिसूचनेने इमारत बांधकामाच्या प्रकल्पांना तिच्यातून सूट दिलेली आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकण्यावर बंधन आहे, पण त्यासाठी आधी ती आदिवासीच्या नावावर हवी. म्हणजे कायदा न मोडताही वाडीला कुणी काही न विचारता हे सगळं होऊ शकतं.

वाडीचंही एकमत नाही. वाडीतली दोन बारावी झालेली मुलं मला म्हणाली, "ताई, कंपनी आली तर आम्हाला भट्टीवर जावं लागणार नाही." त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकले नाही. आईबापांचे उचल फेडताना गेलेले दिवस त्यांनी पाहिले आहेत. पण त्यांना मिळेल ती नोकरी पहारेकऱ्याची की आणखी कशाची, आणि तिच्यासाठी राहायचं कुठे, हे अजून कुणी लिहून दिलेलं नाही.

आता आपली गोष्ट. जूनमध्ये कंपनीचे एक अधिकारी वसतिगृहावर आले. सभ्य गृहस्थ. छप्पर पाहिलं, गळकी खोली पाहिली, आणि सीएसआरमधून सगळं करून देऊ म्हणाले. निघताना एवढंच बोलले, "वाडीतले लोक तुमचं ऐकतात. तुम्ही समजावलंत तर बरं होईल."

खरं सांगते, मला हो म्हणावंसं वाटलं. त्याच आठवड्यात मुलींच्या गाद्या भिजल्या होत्या. समितीत बराच वाद झाला. एका ज्येष्ठ बंधूंनी विचारलं, "यात मुलींचं काय पाप?" त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण आपल्या वसतिगृहातल्या काही मुली त्याच वाडीतल्या आहेत. पक्क्या छपराखाली शिकून सुट्टीत त्या कुठल्या घरी जाणार? शेवटी समितीने ठरवलं, की वाडीच्या जागेचा प्रश्न लेखी सुटेपर्यंत ही मदत घ्यायची नाही. तसं पत्र आम्ही नम्रपणे दिलं आहे.

अशा वेळी आपण नाबोथाच्या द्राक्षमळ्यावर उपदेश करतो. पण नाबोथाचा मळा निदान त्याचा वाडवडिलार्जित होता, हे राजालाही ठाऊक होतं. वाडीला मला गणनेच्या 27व्या अध्यायातल्या सलाफहादाच्या पाच मुली अधिक जवळच्या वाटतात. कायद्यात त्यांच्यासाठी जागा नव्हती. त्या दर्शनमंडपाच्या दारी मोशेपुढे, सरदारांपुढे, सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि वतन मागितलं. मोशेने त्यांना घालवून दिलं नाही, स्वतःच्या मनाने निकालही दिला नाही. त्याने त्यांचं म्हणणं देवापुढे नेलं. आणि देवाने त्या मुलींचं म्हणणं रास्त ठरवून नियमच नवा केला.

मंडळीचं काम मला यात दिसतं. वाडीच्या वतीने आपण बोलायचं नाही, वाडीला उभं राहायला दार उघडून द्यायचं. गेल्या महिन्यात नऊ बायका तहसील कार्यालयात स्वतः गेल्या आणि गावठाणाचा अर्ज दिला. 1948च्या कूळ कायद्यात, कुळाने मालकाच्या जागेवर स्वखर्चाने बांधलेल्या घराला संरक्षण आहे. ते या घरांना लागू होईल का, हे आपले वकील तपासत आहेत. त्यासाठी पुरावे हवेत: घरपट्टीच्या पावत्या, जुन्या मतदार याद्या, शाळेचे दाखले. आपल्या बंद पडलेल्या दवाखान्याच्या कपाटात रुग्णांची जुनी वही सापडली. तिच्यात या वाडीचं नाव आणि आजींच्या सासऱ्यांचं नाव आहे. एखाद्या परिचारिकेने तापाचं औषध देताना लिहिलेली ती ओळ आज दाखल्यासारखी उपयोगी पडते आहे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या. आपल्या घरात मिशनच्या कामाचे जुने फोटो, पत्रं, डायऱ्या असतील तर कार्यालयात आणून दाखवा. आपली मुलं मोठ्या कंपन्यांत आहेत. नवा कॅम्पस होतो तेव्हा त्या जमिनीवर आधी कोण राहत होतं, हे त्यांनी एकदा विचारावं. आणि वसतिगृहावर सध्या ताडपत्री आहे. ती पुढच्या पावसापर्यंत टिकणार नाही. छपराचा भार आता आपल्यावर आहे.

वाडीसाठी, त्या दोन मुलांसाठी आणि त्या अधिकाऱ्यांसाठीही प्रार्थना करा. देव आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.