संगणकाचा बसलेला आवाज



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली आणि अनेक घरांतून संगणकावर नवी प्रणाली बसविण्याचा प्रसंग आला. अशा वेळी कधी कधी एक विचित्र अनुभव येतो. काल गोड वाटणारी भैरवी आज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाटते. परदेशीच्या मुलाचे बोलणे अस्पष्ट येते आणि घरातील वृद्ध आपल्या कानांनाच दोष देतात. आमच्या बंगळुरात मग पावले संगणकाच्या सामानाने गजबजलेल्या सदर पत्रप्पा रस्त्याकडे वळतात. परंतु नव्या ध्वनिवर्धकाचा हा खर्च बहुधा अनाठायी ठरतो.

प्रणाली आणि ध्वनियंत्रणा यांची भाषा एक नाही. ड्रायव्हर नावाची आज्ञावली त्यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करते. जुनी प्रणाली पुसली की तोही जातो आणि त्याच्या जागी पुष्कळदा एक सामान्य दुभाष्या येतो. चार कानडी शब्दांवर मराठी माणूस येथे भाजी आणू शकतो. न्यायालयात साक्ष देऊ शकत नाही. तसेच हे आहे. आवाज निघतो खरा, पण लॅपटॉपच्या इवल्या ध्वनिवर्धकांसाठी निर्मात्याने केलेली स्वरांची जुळणी हरवलेली असते.

म्हणून प्रथम तारेचा श्रवणसंच जोडून पाहावा. त्यात आवाज स्वच्छ आला, तर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आपल्याच प्रतिमानाचा ड्रायव्हर घ्यावा. खरखर असेल, तर नमुन्यांचा वेग तपासावा. ध्वनितबकडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, चित्रफितीत बहुधा ४८,०००. दोन्ही वेग आळीपाळीने लावून पाहावेत. ध्वनी ‘सुधारणारी’ जादा योजना चालू असेल, तर ती बंद करावी. बिनतारी श्रवणसंचाचा मायक्रोफोन चालू होताच बहुतेक संच दूरध्वनीच्या रीतीवर उतरतात. तेथे नमुने ८,००० किंवा १६,०००च उरतात आणि गाणे घुसमटते. संगणकाचा स्वतःचा मायक्रोफोन निवडला की ही अडचण सरते.

एवढे करूनही आवाज उघडला नाही, तरच बाजार गाठावा. आणि पुढील खेपेस प्रणाली पुसण्यापूर्वी संगणकाचा प्रतिमान-क्रमांक टिपून ठेवावा व त्याचा ड्रायव्हर वेगळ्या जागी जपावा. दुभाष्या हाताशी असला की संभाषण तुटत नाही.