टाकीखालचं मोहोळ

श्रोतेहो, आज मी तुम्हाला माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी महिना होता. आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या बुडाशी आग्या मोहोळ बसलं होतं. चांगलं दोन-अडीच हात लांब, काळसर, लोंबतं. रात्री जिन्यातल्या दिव्यावर माश्या यायच्या. एका मुलाला दोन माश्या चावल्या आणि सोसायटीची तातडीची बैठक बसली. औषध मारायचा ठराव झाला, सह्या झाल्या. त्यात माझीही सही आहे.

आग्या माशीची भीती खोटी नाही. मोहोळ उठलं आणि पुष्कळ माश्या एकदम चावल्या, तर माणूस दगावतो. पण त्या बैठकीत एक साधा प्रश्न कोणी विचारलाच नाही. या माश्या इथं किती दिवस राहणार आहेत?

रात्री औषध मारलं. सकाळी जिनाभर माश्या पडल्या होत्या. झाडणाऱ्या मावशींनी सुपड्या भरभरून त्या कचऱ्यात टाकल्या. मी दारात उभा राहून पाहत होतो, तेव्हा मला लहानपणचा मदरसा आठवला. कुराणातल्या सोळाव्या सूरेचं नावच 'नहल', म्हणजे मधमाशी. तिथं माशीला घर करायला डोंगर सांगितले आहेत, झाडं सांगितली आहेत आणि माणसं जे उभारतात तेही सांगितलं आहे. ही सूरा मी शिकलो होतो. सही करताना मात्र आठवली नाही.

आठवड्याभरानं मामेभावाचा फोन आला. तो सिन्नरकडं शेती करतो, कांद्याचं उळं धरतो. बोलता बोलता मी मोहोळाची हकिकत सांगितली. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाई, तुम्ही पैसे देऊन माश्या मारल्या. मी पैसे देऊन माश्या आणल्यात."

त्यानं मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणून कांद्यात ठेवल्या होत्या. कारण कांद्याच्या एकेका गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात. पण प्रत्येक फुलात पराग आधी सुटतो आणि बीजधारणेची जागा नंतर तयार होते. म्हणजे फुलाला स्वतःचा पराग उपयोगी पडत नाही. कोणीतरी तो दुसऱ्या फुलावरून आणून द्यावा लागतो. माशी आली नाही, तर गोंडा दिसायला भरगच्च दिसतो, पण चोळला की हातात बी थोडं आणि भुस्काट फार. मामू शेती करत होते तेव्हा पेट्या आणाव्या लागत नव्हत्या. बांधावर बोरी-बाभळी होत्या, निंब होता, मोहोळं आपसूक बसायची. पुढं बांध कोरले गेले, झाडं तुटली, तणनाशकानं रानफुलं गेली आणि ऐन फुलोऱ्यात फवारण्या वाढल्या.

तुम्ही म्हणाल, पेट्या मिळतात ना, मग मोहोळ हवं कशाला? पेटीत सातेरी माशी राहते, युरोपातून आलेली मेलिफेरा राहते. आग्या माशी पेटीत राहत नाही. ती उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, कड्याला, उंच झाडाला आणि आता आपल्या इमारतींना. लहानगी फुलोरी माशीही झुडपातच बसते. या दोघींना पाळता येत नाही. त्यांना फक्त राहू देता येतं.

मधमाश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल, असं एक वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर सांगितलं जातं. तो असं म्हणाल्याचा पुरावा नाही. ज्वारी, गहू, भात यांना माशी लागत नाही. तेव्हा भाकरी राहील. पण जगातल्या अन्नपिकांच्या प्रकारांपैकी सुमारे पाऊणशे टक्के पिकं थोडीफार तरी कीटक-पाखरांच्या परागीभवनावर अवलंबून आहेत. भोपळ्याचं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, आणि दोन्ही दुपारपर्यंत मिटतात. तेवढ्या वेळात माशी आली तर भोपळा, नाहीतर फूल गळून जातं. सूर्यफूल, काकडी, कलिंगड यांचीही तीच कथा. भाकरीबरोबर काय खायचं, हा प्रश्न उरेल.

आम्हा कवींचाही यात दोष आहे. मराठी कवितेनं भुंग्याचे लाड केले, उर्दू गझलेनं दिव्यावर जळणाऱ्या पतंगाचे. हंगामात जेमतेम दीड महिना जगणारी आणि त्यातही राबणारी कामकरी माशी कवितेत फारशी आली नाही.

आपण काय करू शकतो? शेतकऱ्यानं फुलोऱ्यात फवारणी टाळावी. अगदीच गरज पडली, तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी आणि शेजाऱ्याच्या पेट्या असतील तर त्याला आधी सांगावं. बांधावर निंब, शेवगा, करंज, जांभूळ असू द्यावेत. शहरात कुंडीत तुळस, सब्जा लावावा आणि त्यांच्या मंजिऱ्या सगळ्याच खुडू नयेत. उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवावं, म्हणजे माश्या बुडत नाहीत. मध घेताना तो कसा काढला, हे विचारावं. पोळं जाळून, पिळून काढलेला मध घेऊ नये. मधाचा भाग तेवढा कापून अंड्या-पिल्लांचा भाग तसाच ठेवता येतो. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. मोहोळ सांभाळूनही घर चालतं, हे तिथं जाऊन पाहता येईल.

मोहोळाला दगड मारू नये, त्याच्याजवळ धूर करू नये, हे तर आपल्या आज्यांनीच सांगून ठेवलं आहे.

आणि त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. आग्या माश्या कायमच्या राहायला येत नाहीत. फुलोरा पाहून येतात, काही महिने राहतात आणि निघून जातात.

गेल्या हिवाळ्यात त्याच टाकीखाली पुन्हा मोहोळ बसलं. या वेळी गच्चीला कुलूप लावलं. जिन्यातला वरचा दिवा काढला, वरच्या मजल्यावरच्यांनी रात्री खिडक्या लावून घेतल्या. टाकी धुणं पुढं ढकललं. मे महिन्यात एके सकाळी पाहिलं, तर पोळं रिकामं. खाली एकही माशी मेलेली नव्हती.

याही वेळी एक कागद फिरला होता. त्यावर लिहिलं होतं, 'मोहोळाला कोणी हात लावू नये.' त्यावरही माझी सही आहे. तुमच्या इमारतीत असा कागद फिरेल, तेव्हा सही करण्याआधी एवढंच विचारा: पाहुणे किती दिवसांचे आहेत?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)