आमचा गड, आपला पिंपळ
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला सहलीबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. गेल्या डिसेंबरात आपण २८ जण माझ्या माहेरी, रेडीला गेलो होतो. जे आले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, आणि शेवटी एक विनंती करते.

रेडी म्हणजे वेंगुर्ले तालुक्याचं दक्षिण टोक, लागूनच गोवा. गाव ओळखलं जातं ते लोहखनिजाच्या खाणींमुळे आणि द्विभुज गणपतीमुळे. ही मूर्ती १९७६ मध्ये खाणीच्याच परिसरात जमिनीतून निघाली. गणपतीचं दर्शन घेऊन आपण यशवंतगडाच्या टेकडीवर गेलो. चढ फार नाही. आपल्या सत्तरी पार केलेल्या आजोबांनी काठी न घेता तो पार केला आणि वरून खाडी बघत बसले.

हा गड शिवाजी महाराजांनी १६६२ मध्ये घेऊन दुरुस्त केला, असं सांगतात. आज जांभ्या दगडाच्या तटांवर झाडं उभी आहेत. त्यांची मुळं मांडीएवढी जाड, भिंतीवरून खाली उतरलेली. मुलं विचारत होती, "काकू, झाडाने भिंत धरलीय की भिंतीने झाड?" मला उत्तर देता आलं नाही. काही ठिकाणी मुळांनी दगड फोडलेत, आणि काही ठिकाणी तीच मुळं काढली तर तट ढासळेल.

दुसऱ्या दिवशी दोडामार्ग तालुक्यात बांबर्डेची राई पाहिली. तिथे रानजायफळीची झाडं बारमाही ओलीत उभी असतात. श्वास घेण्यासाठी त्यांची मुळं गुडघ्यासारखी वाकून चिखलाच्या वर येतात. अशी जागा महाराष्ट्रात दुर्मीळ. देवाची म्हणून लोकांनी ती राखली. माझी आजी म्हणायची, "देवाच्या रायेतली सुकी काटकीय घराक नेव नये." लहानपणी मला ती अंधश्रद्धा वाटायची. पण कुंपण नाही, वॉचमन नाही, तरी राई टिकली, ती या धाकामुळेच.

रात्री जवळच्या गावच्या जत्रेत दशावतार पाहिला. लिहिलेली संहिता नाही, संवाद जागेवर रचलेले, बायकांची कामंही पुरुषच करतात. संकासुर आला तेव्हा आपली पोरं हसून लोळली. पहाटेपर्यंत जागलेल्यांत मीही होते.

आता विनंती. गेटजवळच्या पिंपळाने कंपाउंड वॉलला तडा दिलाय. गेल्या वर्षीच्या सभेत तो तोडून तिथे दोन गाड्यांची जागा करायचं ठरलं. हात वर करणाऱ्यांत मी होते. त्यातली एक जागा मला मिळणार होती, हेही सांगून टाकते. परवानगीचा अर्ज अजून गेलेला नाही.

पिंपळ भिंत फोडतो, ही तक्रार खरीच आहे. गडावर ते मी डोळ्यांनी पाहिलं. पण आपली भिंत काही शिवकालीन नाही. तेवढ्या भागात ती चार फूट आत घेतली तर झाड वाचेल आणि भिंतही. एक पार्किंग कमी होईल. ते माझं कमी करा. नव्या भिंतीच्या खर्चातला माझा वाटा मी आजच लिहून देते.

इमारतीला २५ वर्षं झाली. पिंपळ त्याआधीचा आहे; आपण राहायला आलो तेव्हा त्याच्याच सावलीत टेम्पोतून सामान उतरवलं होतं. येत्या सभेत हा ठराव पुन्हा घ्यावा, एवढंच मागणं. विरोध असेल त्यांनी जरूर बोलावं, चहा माझ्याकडे.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा रेडीला जाऊ. आईने आत्ताच विचारलंय, "कितीजण येतंत?"