खुर्चीतून उठता यावं म्हणून



स्मृतिभ्रंशाची शंका आली की डॉक्टर एक साधी चाचणी घेतात. कोरा कागद पुढे सरकवतात आणि सांगतात : घड्याळाची तबकडी काढा, आकडे घाला, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. आपल्या शहरातल्या शहागंजच्या टॉवरवरचं घड्याळ जन्मभर पाहिलेल्या माणसालाही या आजारात ते जमेनासं होतं. आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने बसतात आणि काटा दोनाऐवजी दहावर जातो, कारण कानावर ‘दहा’ पडलेलं असतं. तोच माणूस मग टेबलाला हात टेकून उठतो, चपलांत पाय घालतो आणि दाराकडे चालू लागतो. तबकडी हरवली, पण पाऊल अजून आहे. अल्झायमर झालेल्या माणसाला व्यायाम कशासाठी द्यायचा, याचं उत्तर मला या पावलात दिसतं. आपण मात्र ते तबकडीत शोधत बसतो.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की आजार हा आजार वाटतच नाही. देशभरातल्या ज्येष्ठांच्या तपासणीवर आधारलेला एक अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठी ओलांडलेल्या दर शंभर भारतीयांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळजवळ 88 लाख माणसं. त्यात अल्झायमरचा वाटा सर्वांत मोठा. आकड्याची दुसरी बाजू अशी की शंभरातल्या त्र्याण्णवांना तो नाही. तेव्हा वय झालं म्हणजे असं होणारच, ही समजूत सोडून द्यायला हवी. ती सोडली नाही तर निदान लांबतं आणि माणूस मुकाट्याने पलंगावर बसवला जातो.

आता व्यायामाबद्दल पुरावा काय सांगतो ते पाहू, आणि आपल्याला न आवडणारा पुरावा आधी पाहू. इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंशाच्या 494 रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. आजार सौम्य ते मध्यम होता. एका गटाला चार महिने आठवड्यातून दोनदा चांगला घाम काढणारा व्यायाम दिला, सायकल आणि वजनं दोन्ही. पुढे घरीही तो चालू ठेवायला सांगितलं. अंगातली ताकद वाढली, सहा मिनिटांत कापलेलं अंतर वाढलं. बुद्धीची चाचणी मात्र वर्षाअखेर सुधारली नाही, उलट व्यायाम करणाऱ्यांचे गुण किंचित वाईट आले. फरक बारीक होता, पण दिशा आशेच्या विरुद्ध होती. हा निष्कर्ष लपवून ‘रोज चाला, आठवण परत येईल’ असं सांगणं ही घरच्यांची फसवणूक आहे. तीन महिन्यांनी आई सुनेचं नाव पुन्हा विसरते, घरच्यांना वाटतं की उपाय फसला, आणि चालणं बंद पडतं. खोट्या आशेची किंमत अशी त्या आईच्या पायांना मोजावी लागते.

याच्या शेजारी फिनलंडमधला अभ्यास ठेवा. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. अल्झायमर असलेले आणि पती किंवा पत्नीसोबत घरीच राहणारे 210 रुग्ण त्यात होते. काहींच्या घरी फिजिओथेरपिस्ट वर्षभर आठवड्यातून दोनदा जात, काहींना केंद्रात गटाने व्यायाम दिला जाई, उरलेल्यांना नेहमीचे उपचार. वर्षाअखेरीस तिन्ही गट खालावले होते. आजार कोणाचाच थांबला नव्हता. पण घरी व्यायाम केलेल्यांचं स्वतःची कामं स्वतः करण्याचं बळ सावकाश ओसरलं, आणि त्यांचं पडण्याचं प्रमाण व्यायाम न केलेल्यांच्या निम्म्याहून कमी राहिलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. इंग्लंडच्या प्रयोगाशी त्याचं भांडण नाही. एकाने विचारलं, बुद्धी वाढते का? दुसऱ्याने विचारलं, माणूस आपलं आपण किती काळ करतो? घरातल्या माणसाला रोज भेडसावणारा प्रश्न हा दुसरा असतो.

खुर्चीतून उठणं ही गोष्ट जवळून पाहा. आधी बूड पुढे सरकवावं लागतं, मग टाचा गुडघ्यांच्या मागे घ्याव्या लागतात, धड पुढे झुकवावं लागतं, आणि मगच मांड्या शरीर वर उचलतात. अल्झायमरमध्ये हा क्रम मोडतो. माणूस पाय पुढे पसरलेलेच ठेवून उठू पाहतो आणि मागे आदळतो. मांड्यांत बळ नसेल तर बगलेत हात घालून त्याला ओढावं लागतं. मग संडासला नेणं दोघांचं काम होतं, वेळ टळते, कपडे खराब होतात, आणि एके दिवशी घर म्हणतं की आता जमत नाही. दिवसातून दोन वेळा, हात असलेल्या भक्कम खुर्चीतून पाच-पाच वेळा उठणं-बसणं, हा दिसायला किरकोळ व्यायाम तो दिवस पुढे ढकलू शकतो.

यावर पहिला आक्षेप असा : आज शिकवलेलं तो उद्या विसरतो, मग शिकवायचं कसं? नवी माहिती साठवणारा मेंदूचा भाग या आजारात आधी झिजतो, हे खरं. पण अंगवळणी पडलेल्या हालचाली वेगळ्या वाटेने साठलेल्या असतात आणि त्या बराच काळ टिकतात. म्हणून नवे प्रकार शिकवण्यापेक्षा जुने जागवावेत. जन्मभर नमाज पढलेल्या माणसाला रुकू आणि सजदा शरीराने माहीत असतात. संस्थान गणपतीला प्रदक्षिणा घालणाऱ्याला वळण सांगावं लागत नाही. टाळ वाजू लागला की वारकऱ्याचं पाऊल पडतं, परात पुढे ठेवली की हात कणीक मळू लागतात. सूचना एका वेळी एकच द्यावी, आणि सांगण्याऐवजी समोर उभं राहून करून दाखवावी.

दुसरा आक्षेप पडण्याचा. भीती रास्त आहे. या रुग्णांत पडण्याचं प्रमाण इतर वृद्धांच्या जवळपास दुप्पट असतं. पण बसवून ठेवलेल्याचे स्नायू वितळत जातात आणि पुढे नुसतं उठतानाही तो पडतो. तेव्हा हृदय, रक्तदाब, गुडघे आणि चालू गोळ्या एकदा घाटी रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे दाखवून घ्याव्यात, सैल सपाता काढून मागे पट्टा असलेली पादत्राणं द्यावीत. आपल्याकडे उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत फिरून यावं, कारण तहान लागली हे सांगणंही या आजारात सुटतं. आणि सोबत असावी. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतचे पंडित हत्तीमागे चालत जातात आणि हरवतात. तो चित्रपट पाहिलेल्याला सोबतीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण त्यातून दाराला कुलूप घालायचा धडा घेऊ नये. शहागंजात हातगाड्या आणि रिक्षांमधून वाट काढणं धडधाकटालाही अवघड, हे मान्य. म्हणूनच तिथल्या चमन बागेसारख्या जागी सपाट वाट आणि पाठ टेकायला बाक मागणं हा या रुग्णांचा हक्क आहे, आणि तो आपण त्यांच्या वतीने महापालिकेकडे मागायला हवा.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे : हे सगळं करायचं कोणी? बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं, सून किंवा म्हातारी बायको. आधीच थकलेल्या बाईवर आणखी एक काम टाकणारा सल्ला मी देणार नाही. व्यायामाचा अर्धा तास घरातल्या पुरुषाने घ्यावा, रोज ठरलेल्या वेळी, आणि तेवढा वेळ तिला मोकळा मिळावा.

कोणी विचारेल, अंथरुणाला खिळल्यावर काय? तेव्हाही जेवताना झोपवून भरवू नये. पलंगाच्या कडेला बसवावं, पाठीला उशी, तळपाय जमिनीला टेकलेले. चमचा त्याच्या मुठीत द्यावा, आपला हात त्यावर ठेवावा आणि दोघांनी मिळून तो तोंडापर्यंत न्यावा. त्या दिवसांत हाच त्याचा व्यायाम.