लेखनिक मिळतो, पुस्तकाचे काय?



वर्धा नदीच्या पलीकडे, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात १८८१ साली जन्मलेल्या एका बालकाची दृष्टी तान्हेपणीच गेली. त्याला आयुष्य लाभले अवघे चौतीस वर्षांचे. तेवढ्या काळात त्याच्या नावावर शंभरांहून अधिक ग्रंथ जमा झाले. ते प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज. त्यांच्या प्रतिभेचे कौतुक सारेच करतात. त्यांना ग्रंथ वाचून दाखविणाऱ्यांचे आणि त्यांचे शब्द उतरवून घेणाऱ्यांचे स्मरण मात्र क्वचितच होते. प्रज्ञा ईश्वरदत्त असेल, पण ग्रंथ कानापर्यंत पोचवावा लागतो आणि ते माणसांचेच काम आहे.

आज आर्वी, हिंगणघाट किंवा समुद्रपूरहून महाविद्यालयात येणाऱ्या दृष्टिबाधित विद्यार्थ्याची अडचण नेमकी येथेच आहे. परीक्षेत त्याला लेखनिक मिळतो. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासामागे किमान वीस मिनिटे वाढीव वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास अधिक. हे योग्यच आहे. पण उत्तर सांगण्यासाठी आधी पुस्तक वाचलेले असावे लागते! व्यवस्थेने परीक्षेच्या तीन तासांची काळजी वाहिली. वर्षभराच्या अभ्यासाची मात्र मित्राच्या, बहिणीच्या, खोलीतल्या सोबत्याच्या सवडीवर सोडून दिली. सोबत्याची स्वतःची परीक्षा जवळ आली की वाचन थांबते. ज्याला वाचून दाखवायचे तोही मग संकोचाने मागत नाही.

ब्रेल आहे ना, असे कोणी म्हणेल. सहा टिंबांच्या त्या लिपीचे महत्त्व निर्विवाद आहे. भारतीय भाषांसाठी समान भारती ब्रेल १९५१ साली स्वीकारली गेली, ही राष्ट्रीय एकात्मतेची एक शांतपणे घडलेली घटना होय. परंतु ब्रेलला जाड कागद लागतो, छापील एका पानाची दोन-तीन पाने होतात. पदवीचा अभ्यासक्रम बदलला की सारे पुन्हा छापावे लागते. शालेय पुस्तकांपुरता हा मार्ग चालतो. विद्यापीठीय संदर्भग्रंथांच्या ढिगापुढे तो अपुरा पडतो.

म्हणून संगणकाचा मार्ग. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी ‘स्क्रीन रीडर’ प्रणाली आज विनामूल्य मिळते. त्यांतली एनव्हीडीए ही ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी पुढे आणली. ती मराठीही वाचते. मग अडते कोठे? मराठी ग्रंथांच्या अक्षरजुळणीत. वर्षानुवर्षे आपली पुस्तके जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळविली गेली. त्या फॉन्टांत डोळ्यांना ‘क’ दिसतो, परंतु संगणकाच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षर असते. परिणामी ज्ञानेश्वरीवरील विवेचनाच्या जागी विद्यार्थ्याच्या कानी निरर्थक रोमन अक्षरे पडतात. आणि भ्रमणध्वनीने पानांची छायाचित्रे काढून ‘पीडीएफ’ पाठविली, तर प्रणाली गप्पच बसते. तिच्या दृष्टीने ते चित्र आहे, मजकूर नव्हे. पाठविणाऱ्याला मात्र पुस्तक दिल्याचे समाधान!

या बाबतीत वर्ध्याने एक चांगले उदाहरण घालून दिले आहे. येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने ‘हिंदी समय’ या नावाने हिंदी साहित्याचे विपुल भांडार महाजालावर युनिकोडमध्ये उभे केले. ते काही केवळ दृष्टिबाधितांसाठी नव्हते. तरीही त्यांना ते ऐकता येते. मराठी विश्वकोशही असाच युनिकोडमध्ये महाजालावर आला. पण नेमलेली पाठ्यपुस्तके कोठे आहेत?

कायद्याचा अडसर उरलेला नाही, हे अनेक ग्रंथपालांना आजही ठाऊक नसते. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने, दिव्यांग व्यक्तींसाठी ग्रंथाची सुलभ प्रत ना-नफा तत्त्वावर करून देण्यास मुभा दिली. पुढच्याच वर्षी माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ साली त्याला सर्वप्रथम अनुसमर्थन दिले ते भारताने. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय ऑगस्ट २०१६मध्ये सुरू झाले. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने, कलम ४२ अन्वये, छापील व इलेक्ट्रॉनिक मजकूर सुलभ स्वरूपात उपलब्ध व्हावा यासाठी पावले उचलण्याचे दायित्व शासनावर टाकले. जगात पहिले पाऊल टाकणाऱ्या देशात जिल्ह्याच्या महाविद्यालयातील मुलाला नेमलेले पुस्तक ऐकायला मिळू नये, हे भूषणावह नाही.

उपाय खर्चिक नाही. पुस्तक अभ्यासक्रमाला लावतानाच अभ्यास मंडळाने प्रकाशकाकडून त्याची युनिकोड प्रत मागून घ्यावी. पुस्तक लागल्याने खप वाढतो तो प्रकाशकाचाच. एवढी अट त्याला जड जाऊ नये. जुन्या पुस्तकांचे स्कॅनिंग करून अक्षर-ओळख प्रणालीने मजकूर तयार करता येतो, मात्र शिरोरेषा आणि जोडाक्षरे तिला चकवतात. तेथे मुद्रितशोधन माणसालाच करावे लागते आणि ते मराठी नीट येणाऱ्याचे काम आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास सेवा द्यायची असते. दोनशे पानांचे पुस्तक दहा जणांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस पाने येतात. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी हे काम जुलैत हाती घेतले, तर दिवाळीच्या सुट्टीआधी पुस्तक विद्यार्थ्याच्या कानांत असेल.